कौसाबाईंचं न चाखलेलं सूप

जेवणाच्या बाबतीत मी अत्यंत वाईट माणूस आहे. हे मत माझ्या बायकोचं, पद्मजाचं. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिने ते मांडलं आणि अजून त्यात काना-मात्रेचा फरक केलेला नाही. आमटीत कोथिंबीर जास्त पडली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. लग्नाच्या पंगतीत मी जिलबीला नावं ठेवलेली आहेत, आणि तीही मुलीच्या बापासमोर. असा मी जेव्हा सांगतो की आयुष्यात एका बाईच्या अन्नापुढे माझी बोलती बंद झाली, तेव्हा ते जरा मनावर घ्यावं.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कौसाबाईंची खानावळ होती. टेबलं चारच. खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे, टेबलांवर लाल चौकटींचं कापड आणि प्रत्येकावर काचेच्या पेल्यात काही ना काही रानफूल. बाहेर बोर्ड नव्हता. खिळ्याला एक शाळेतली दगडी पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर खडूने त्या दिवशीचं जेवण लिहिलेलं असे: कांद्याचं सूप, लसणीतली कोंबडी, दुधातले बटाटे, जळक्या साखरेचं कस्टर्ड. अक्षर माझं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, त्यामुळे अक्षर कोरल्यासारखं. आणि कौसाबाईंना लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी कामावरून आलो की आधी मांजर्लीला जायचं, पाटी लिहायची, त्याबद्दल एक वाडगा सूप प्यायचं आणि मग हेंद्रेपाड्याला घरी जाऊन भूक का नाही याबद्दल बोलणी खायची, असा माझा क्रम होता.

लोक तिला फ्रेंच खानावळ म्हणत. निम्मे लोक चेष्टेने म्हणत. पण ती खरोखरच फ्रेंच होती, आणि ती तशी कशी झाली हे मी पहिल्यापासून पाहिलेलं आहे.

एकोणीसशे ब्याऐंशी साली आमच्या कारखान्यात नवी यंत्रं उभी करायला एक फ्रेंच इंजिनियर आला आणि पाच वर्षं राहिला. त्याची बायको बरोबर होती. त्याला ड्रॉइंग्ज दाखवायला मला वरचेवर त्यांच्या बंगल्यावर जावं लागे. कंपनीच्या बंगल्यावर भांडी घासायला जी बाई लागली ती कौसाबाई. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. नवरा आनंदा गेलेला, मूलबाळ नाही, शेत धरणाच्या पाण्यात गेलेलं. सगळे त्या गोऱ्या बाईला 'मादाम' म्हणतात हे ऐकून कौसाबाईंना वाटलं, तिचं नावच ते. नुसतं नाव घेऊन कसं बोलवायचं म्हणून त्यांनी पुढे बाई लावलं. महिन्याभरात अख्खा बंगला तिला मादामबाई म्हणू लागला, आणि पुढे पुढे तिचा नवरासुद्धा.

मादामबाईला दुपार खायला उठायची. मग ती स्वयंपाकघरात शिरायची. तिकडे तिच्या आईची गल्लीत चार टेबलांची खानावळ होती. तसल्या खानावळीला बिस्त्रो म्हणतात, असं तिने आम्हाला सांगितलं होतं. आईचे पदार्थ ती करायची. कौसाबाई भांडी घासता घासता बघायच्या. मग चिरायला लागल्या, मग ढवळायला लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी मादामबाई खुर्चीवर बसून पाय हलवत नुसती बघत होती. दोघींची भाषा मोडकी हिंदी. ती ऐकून कुणालाही वाटलं असतं की भांडण चाललंय.

खरं भांडण एकाच गोष्टीवरून होई. कौसाबाई चाखत नसत.

आपल्याकडे देवाचा नैवेद्य करताना चाखत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. चाखलं की ते उष्टं. कौसाबाईंच्या आईने त्यांना हे शिकवताना देव आणि माणूस असा भेद सांगितलाच नव्हता. ज्याच्या पुढे वाढायचं त्याच्या आधी आपण तोंडात घालायचं नाही, एवढंच. तर ही बाई वासावर स्वयंपाक करी. वासावर आणि आवाजावर. मीठसुद्धा रश्शाच्या वाफेवर तोंड धरून ठरवी, आणि ते मी एकदाही कमीजास्त झालेलं पाहिलं नाही. मादामबाईला हे अजिबात पटत नसे. तिच्या देशात स्वयंपाक्याच्या खिशात चमचा असतो म्हणे. ती चमचा पुढे करी, "चखो, कौसा!" आणि कौसाबाई तोंड मिटून मान हलवत.

सत्याऐंशीला ती दोघं परत निघाली, त्या दिवशी मी बंगल्यावर होतो. मादामबाई रडली, कौसाबाईंना मिठी मारली, आपली भांडी दिली, लाल चौकटींची कापडं दिली. आणि जाता जाता म्हणाली, "कौसा, तुम बहुत अच्छा. लेकिन जो चखता नहीं, वो सच्चा कुक कभी नहीं." प्रेमाने म्हणाली. पण कौसाबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं. पुढच्या सात वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कमीत कमी पन्नास वेळा ऐकलं असेल.

अठ्ठ्याऐंशीला त्यांनी मांजर्लीत खानावळ काढली. लांब पाव उल्हासनगरहून यायचा. टेकचंद नावाच्या सिंध्याच्या बेकरीत जाऊन कौसाबाईंनी त्याला हाताने माप दाखवलं होतं, कोपरापासून बोटांपर्यंत. "अम्मा, ये पाव है के लाठी?" असं म्हणत त्याने पहिला पाव भाजला. तो पुढे सगळी वर्षं भाजत राहिला. वाइनच्या जागी कौसाबाई आमसुलाचं पाणी घालत. भट्टी नव्हती, कोळशाची शेगडी होती आणि झाकणावर निखारे.

पहिल्या आठवड्यात फजिती झाली. आमचे विष्णुपंत, रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ, जेवायला बसले. सूप आलं, त्यांनी ते संपवलं, आणि कौसाबाईंनी वाडगा उचलला. आपल्यात ताट उचललं की जेवण संपलं. विष्णुपंत उठले, हात धुतले आणि रस्त्यावर उभं राहून गर्जले, "वाटीभर पाणी आणि पावाचा तुकडा! आणि वर हसत ताट उचलते!" कौसाबाई कोंबडीची बशी घेऊन त्यांच्यामागे नदीच्या वळणापर्यंत धावल्या.

"अवो बसा, अजून तीन यायची हायत!"

"मग एकदम का वाढत नाही?"

"एकेकाला भेटा ना. समद्यांना एकदम भेटून कोन लक्षात राहतो काय?"

विष्णुपंत परत आले. त्यानंतर त्यांचा एक शनिवार चुकला नाही.

माझं म्हणाल तर मी पहिल्या दिवशी चुका काढायच्या तयारीनेच बसलो होतो. वाडगा समोर आला. वर भाजलेला पाव, त्याच्यावर वितळलेलं डब्यातलं चीज, खाली तपकिरी सूप. चमचा तोंडात घातला. कांदा म्हणजे भजीचा कांदा, झुणक्याचा कांदा, एवढंच माझं ज्ञान. या कांद्यात गोडी होती, पण साखरेची नव्हे. काहीतरी जुनं, ऊबदार, मला आठवत नसलेलं असं त्यात होतं. चार टेबलांवर दहा माणसं आपापल्या वाडग्यावर वाकली होती. मी आत गेलो, शेगडीपुढे उकिडव्या बसलेल्या त्या काळ्यासावळ्या बाईकडे बघितलं आणि मला काही बोलता आलं नाही. मी खडू मागितला. तेव्हापासून पाटी माझ्याकडे लागली.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात नदी खानावळीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आली. कौसाबाईंनी खुर्च्या टेबलांवर चढवल्या, दोन दिवस पाण्यात उभं राहून सामान वर काढलं आणि तापाने पडल्या. वीस दिवस पडून होत्या. उठल्या, खानावळ उघडली, आणि काहीतरी बिनसलं. सूप कडवट लागू लागलं. कस्टर्डची साखर काळी. लोक काही न बोलता अर्धं ठेवून उठत. विष्णुपंत मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंचा हात गेला हो." मी त्यांच्यावरच खेकसलो.

एका संध्याकाळी पाटी लिहायला गेलो तर दारातच करपलेल्या दुधाचा भपकारा आला. आत पातेल्यातून धूर निघत होता, आणि त्याच्याकडे पाठ करून कौसाबाई शांतपणे लसूण सोलत होत्या. मी ओरडलो. त्या वळल्या, पातेलं बघितलं आणि खालीच बसल्या.

"शशीभाऊ, मला वासच येत नाय," त्या म्हणाल्या. "तापापासनं. तोंडाला मीठ कळतंय, आंबट-गोड कळतंय. बाकी समदा भुसा. कोनाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. पण वासाशिवाय ही बाई म्हणजे आंधळ्याने नकाशा काढण्यातला प्रकार होता. कौसाबाई खानावळ बंद करायचं बोलू लागल्या. आणि नेमकं त्याच नोव्हेंबरात माझ्या नावाने कारखान्यावर पत्र आलं. मादामबाई नवऱ्याबरोबर डिसेंबरात मुंबईला येत होती. एका शनिवारी दुपारी ती मांजर्लीला जेवायला येणार होती. 'कौसाला सांग, मी उपाशी येणार आहे,' असं तिने इंग्रजीत लिहिलं होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. कौसाबाईंनी पाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ती येनार नि म्हननार, बगा, चाखत नव्हती, म्हनून असं झालं."

"मग मी चाखून सांगतो ना," मी म्हणालो.

"तुमचं उष्टं मादामबाईला घालू?"

"कोण बघतंय?"

"मी बगते ना."

मी तणतणत घरी गेलो. पद्मजाला काहीतरी निमित्त काढून विचारलं, तर तिने भर घातली की तिच्या माहेरी नैवेद्याचा वाससुद्धा घेत नाहीत. वास घेतला तरी तो उष्टाच. दुसऱ्या दिवशी हे मी कौसाबाईंना सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. "मंग माजं इतक्या वर्सांचं पापच की!" आणि हसता हसता थांबल्या. "पाप झालंच हाय, तर तुम्ही बी करा. वास घ्या नि मला सांगा. चाखायचं नाय."

अशा तऱ्हेने मी कौसाबाईंचं नाक झालो. पहिल्या दिवशी त्यांनी लोण्यावर कांदा टाकला, अर्धा तास ढवळला आणि विचारलं, "कसला वास येतोय?"

"कांद्याचा."

"कांदाच हाय तो, कांद्याचाच येनार! कसला कांद्याचा?"

मी नाक लांब करून हुंगलं. "चांगला."

त्यांनी पळी खाली ठेवली. मग शांतपणे सांगितलं. कांदा शिजताना आधी भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. मग सारवलेल्या कणगीचा, भात साठवायच्या त्या टोपल्याचा, तो आतून जसा येतो तसा. मग उकडलेल्या भाताच्या तुसाचा. आणि शेवटी, सगळ्यात शेवटी, झोडपून झालेल्या पेंढ्याचा, दुपारच्या उन्हात खळ्यावर पडलेल्या. तो आला की पातेलं उतरवायचं. त्याच्या आधी कच्चं, त्याच्यानंतर कडू.

मी गिरगावात वाढलो. कणगी मी चित्रात पाहिली होती. तसं सांगितलं तर कौसाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "रविवारी चला."

रविवारी सकाळी आम्ही एसटीने बारवीकडे गेलो. त्यांचा भाऊ बाळाजी धरणाच्या वरच्या अंगाला थोडं भात लावत असे. झोडणी चालू होती. कौसाबाईंनी मला, चष्मा लावलेल्या, पँट इस्त्री केलेल्या माणसाला, गोणपाट भिजवून त्यात तोंड घालायला लावलं. कणगीत डोकं घालायला लावलं. बाळाजीची बायको विठा पदर तोंडाला लावून हसत होती आणि बाळाजी उघड हसत होता. "शेहरातला मानूस ना, त्येला धूळ नि राख एकच," तो म्हणाला. मला राग आला होता. मग बाईंनी खळ्यावरचा पेंढा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.

"घ्या. डोळं मिटून घ्या. घाई करू नका."

मी डोळे मिटले. आधी काहीच कळलं नाही. मग सुका, ऊबदार, किंचित गोड असा वास आत उतरला, आणि मी दचकलो. हे मला माहीत होतं. हे मी सहा वर्षं रोज संध्याकाळी प्यायलो होतो.

डोळे उघडले तर कौसाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली पाणी पसरलं होतं, तिकडे बघत होत्या. "आमचं खळं तितं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दोन झाडांच्या पल्याड. पान्याखाली." बस, एवढंच. बाळाजी हसायचा थांबला. माझा राग कुठच्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी आजही अचंबाच म्हणतो. परक्या देशातल्या गल्लीतलं सूप ही बाई आपल्या बुडालेल्या खळ्याच्या आठवणीवर शिजवत होती, आणि ते बरोबर होत होतं.

तो शनिवार आला. कांदा अकराला शेगडीवर चढला. पद्मजा मदतीला म्हणून आली होती, खरं म्हणजे मी काय दिवे लावतो ते बघायला. मी शेगडीजवळ पाटावर बसून होतो. गोणपाट आलं, सांगितलं. कणगी आली, सांगितलं. मग बराच वेळ काही कळेना. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मादामबाईचा आवाज आला, आणि माझा धीर सुटला.

"आला! उतरवा!"

कौसाबाईंनी कान पातेल्याजवळ नेला. "नाय. तो अजून बोलतोय. ऐका." मी ऐकलं. कांदा खरंच बारीक कुजबुजत होता. "गप झाला का मंग बगा. तुम्हाला तिची घाई झालीय, त्याला नाय."

मी डोळे मिटले आणि तिची, विष्णुपंतांची, सगळ्यांची आठवण बाजूला सारली. कुजबुज थांबली. आधी तूस येऊन गेलं. आणि मग कांद्याचा वास संपला आणि ऊन आलं. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही.

"खळं," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी तत्क्षणी पातेलं उतरवलं. रस्सा घातला, आमसुलाचं पाणी घातलं, पाव मांडला, वर निखाऱ्याचं झाकण ठेवलं.

मादामबाई खिडकीजवळच्या टेबलावर एकटी बसली होती. नवरा कारखान्यात गेला होता. केस पांढरे झाले होते. कौसाबाईंनी वाडगा ठेवला आणि आत येऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी आणि पद्मजा आतल्या दाराच्या पडद्याआडून बघत होतो. तिने पहिला चमचा घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग ती अगदी हळू जेवू लागली. पावाने वाडग्याची कड पुसताना तिने डोळेही पुसले.

ती उठली आणि वाडगा हातात घेऊन सरळ आत आली.

"कौसा. किसने चखा?"

"किसी ने नहीं."

"तुम?"

"नहीं."

मादामबाईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे. "ये मेरा माँ का है," ती म्हणाली. "मेरा माँ के बाद किसी ने नहीं बनाया. मैं भी नहीं. कौसा, मैं गलत था." तिची हिंदी तशीच होती. मग वाडग्यात तळाला उरलेलं सूप तिने आपल्याच चमच्यात घेतलं आणि कौसाबाईंच्या तोंडापुढे धरलं. "मैं खा लिया. अब तो चखो."

माझ्या मागे पद्मजाने श्वास रोखला. उष्टं, तेही तोंडातल्या चमच्याने. आपल्यात लहानपणी आईच्या ताटातलं खातो तेवढंच. कौसाबाईंनी चमच्याकडे बघितलं, मादामबाईकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

"कैसा है?"

कौसाबाईंचा चेहरा हलला नाही. सात वर्षं त्यांनी ज्याची वाट पाहिली ते शब्द आत्ता मिळाले होते, आणि तोंडातल्या सुपाची मिठापलीकडची चव त्यांना येत नव्हती. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"मीठ बरोबर हाय," त्या मराठीत म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "नि वास, भाऊ?"

आयुष्यात मी कुणाच्या अन्नाला चांगलं म्हटलेलं नाही.

"तुमच्याच खळ्याचा," मी म्हणालो. "दुपारचं ऊन पडलंय."

त्यांनी डोळे मिटले आणि घास गिळला.

"क्या बोली?" मादामबाईने मला विचारलं.

"गाव का पूछ रही थी," मी म्हणालो.

कौसाबाईंनी डोळे उघडले, पदराने तोंड पुसलं आणि मादामबाईच्या हातातला वाडगा काढून घेतला. "बाहेर बसा," त्या तिला म्हणाल्या. "अजून तीन यायची हायत."